दर रविवारी पहाटे सेवा ‘चालू’ असूनही काम अडते : कारणाचा शोध आणि उपाय

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील एका आडतीच्या पेढीत शेतमालाची आवक, तोलाईचे आकडे आणि शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या एका क्लाउड सर्व्हरवरील सेवेतून तयार होतात. ही सेवा जावा या संगणकीय भाषेत लिहिलेली आहे, तिचा पोस्टग्रेस डेटाबेस त्याच सर्व्हरवर आहे आणि दोन्हींवर देखरेख ठेवण्याचे काम सिस्टिमडी या लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाकडे सोपवलेले आहे. रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास गाळ्यावरील संगणकांचे सर्व पडदे एकदम अडकतात. नवी नोंद जात नाही आणि जुनी पट्टी उघडत नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की काम लगेच पूर्ववत होते, आणि पुढच्या रविवारपर्यंत कोणतीही तक्रार येत नाही. अडचण असते त्या संपूर्ण काळात देखरेखीच्या फलकावर मात्र सगळे हिरवेच दिसते.

शनिवारी बाजाराला साप्ताहिक सुटी असल्यामुळे रविवारी आवक मोठी असते. जुन्नर, खेड, शिरूर, पुरंदर या तालुक्यांतून रात्रभर गाडी हाकत आलेला शेतकरी माल उतरवून पट्टीसाठी गाळ्यावर थांबलेला असतो आणि परतीच्या गाडीची वेळ त्याला गाठायची असते. अशा वेळी ‘सर्व्हर बंद-चालू करा’ या सल्ल्यावर समाधान मानणे मला पटत नाही. बंद-चालू केल्याने काम सुरू होते हे खरे असले, तरी या विशिष्ट समस्येत त्याच कृतीमुळे कारण दर आठवड्याला नजरेआड होत होते. हे कसे घडत होते ते पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण याच धाटणीचा बिघाड दवाखाने, शिकवणी वर्ग, पतसंस्था अशा अनेक ठिकाणच्या लहान सर्व्हरवर होऊ शकतो.

नेहमीच्या तपासण्यांत काहीच का दिसत नाही

अडचण सुरू असताना ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ या आज्ञेने विचारले तर सेवा ‘ॲक्टिव्ह, रनिंग’ असल्याचे उत्तर मिळते. सिस्टिमडीला मुळात एवढेच ठाऊक असते की त्याने सुरू केलेली मुख्य प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्राम, अजून संपलेली नाही. युनिट फाइलमध्ये, म्हणजे सेवेच्या मांडणीच्या फाइलमध्ये, ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ (अपयश आल्यास पुन्हा सुरू करा) असे लिहिले असले तरी त्याचा येथे उपयोग होत नाही, कारण ती तरतूद प्रोसेस चुकीच्या निर्गम-संकेताने (संपताना मागे ठेवलेल्या आकड्याने) संपली, एखाद्या सिग्नलने मारली गेली, ठरलेल्या वेळेत काम उरकू शकली नाही किंवा पुढे सांगितलेला वॉचडॉगचा संदेश पाठवू शकली नाही, तरच लागू होते. आपली प्रोसेस मेलेली नाही. ती जिवंत राहून वाट पाहते आहे. नाडी लागते आहे म्हणून माणूस कामावर हजर आहे असे आपण म्हणत नाही, आणि प्रोसेसच्या बाबतीतही तसे म्हणू नये.

‘पीएस’ किंवा ‘टॉप’ या आज्ञांनी प्रोसेसची अवस्था पाहिली तर जावा प्रोसेससमोर ‘एस’ हे अक्षर दिसते, म्हणजे ती एखाद्या घटनेची वाट पाहत झोपलेली आहे. यावरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण पूर्णपणे निरोगी सेवाही मागणी नसताना ‘एस’ अवस्थेतच असते. प्रोसेसरचा वापर जवळजवळ शून्य आणि मेमरी स्थिर, ही दोन्ही लक्षणे वरवर पाहता तब्येतीची वाटतात. परंतु रविवारच्या पहाटे, गाळ्यावर गर्दी असताना, सेवेने प्रोसेसर अजिबात न वापरणे हे खरे तर सर्वांत मोठे दुश्चिन्ह आहे. आकड्यांना वेळेचा संदर्भ दिला नाही तर ते दिशाभूल करतात. बहुतेक फलकांवर ‘प्रोसेसर ९० टक्क्यांच्या वर गेला तर इशारा’ असा नियम असतो. ‘कामाच्या वेळेत प्रोसेसर अनपेक्षितपणे थंड पडला तर इशारा’ असा नियम मला क्वचितच आढळला आहे, आणि या समस्येत नेमका तोच कामी आला असता.

सेवेला एक आरोग्य-तपासणीचा पत्ताही होता. देखरेखीचे साधन ठराविक अंतराने त्या पत्त्यावर विचारणा करी आणि दर वेळी २०० हा यशाचा संकेत परत येई. कोड उघडून पाहिल्यावर त्या पत्त्यामागे डेटाबेसशी कोणताही संबंध न ठेवता ‘ठीक’ एवढेच उत्तर देणारी ओळ निघाली. जावाचा वेब सर्व्हर म्हणून टॉमकॅट वापरला असेल तर त्यात मुळात २०० थ्रेडपर्यंत (प्रोसेसमधील समांतर कामांच्या धाग्यांपर्यंत) मुभा असते. गाळ्यावरचे पडदे मोजके असल्यामुळे काही थ्रेड अडकून बसले तरी उरलेल्यांपैकी एखादा हे ‘ठीक’ उत्तर द्यायला सदैव मोकळा राहत होता.

पुरावा कोठे होता

सेवेच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) कनेक्शन पूलची, म्हणजे डेटाबेसशी जोडणाऱ्या कनेक्शनांच्या सामायिक साठ्याची, तक्रार स्पष्ट शब्दांत नोंदलेली होती : ३०,००० मिलिसेकंद वाट पाहूनही कनेक्शन मिळाले नाही. हा हिकारी नावाच्या, जावात फार प्रचलित असलेल्या पूलचा संदेश आहे. त्याची मुळातली मांडणी अशी असते की एका वेळी जास्तीत जास्त १० कनेक्शने उघडायची आणि रिकामे कनेक्शन मिळण्यासाठी ३० सेकंद थांबायचे. म्हणजे दहाच्या दहा कनेक्शने कोठेतरी अडकली होती आणि बाकीच्या मागण्या ३० सेकंद थांबून अपयशी होत होत्या.

हा पुरावा आधी कोणाच्या हाती का लागला नाही, याचे कारण घड्याळात आहे. तक्रार पहाटे साडेपाचची, म्हणून जो तो लॉगमध्ये ०५:३० च्या आसपास शोधत होता आणि तेथे सर्व सुरळीत दिसत होते. सर्व्हरचे घड्याळ मात्र यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होते. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे लॉगमधील ०५:३० म्हणजे पुण्यातील सकाळचे ११:०० होत, आणि पुण्यातील पहाटेचे साडेपाच म्हणजे लॉगमधील बरोबर ००:००. पहिली तक्रार-ओळ रविवारच्या ००:०० नंतर अर्ध्या मिनिटाच्या सुमारास उमटलेली होती. तपासाला बसताना ‘टाइमडेटसीटीएल’ ही घड्याळाची मांडणी दाखवणारी आज्ञा सर्वांत आधी चालवावी, असे मी यामुळे आग्रहाने सांगतो. घड्याळ कोणते आहे हे कळल्याशिवाय लॉग वाचण्यात अर्थ नाही.

रविवार आणि मध्यरात्र हे दोन शब्द एकत्र आले की क्रॉनकडे, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीकडे, वळावे. क्रॉनमध्ये ‘ॲट-वीकली’ या लघुरूपाचा अर्थ रविवारी ००:०० वाजता असा ठरलेला आहे. या सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत), आधी देखभाल पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेली, अशा प्रकारची एक ओळ सापडली. ती डेटाबेसवर ‘व्हॅक्यूम फुल’ चालवत होती. मध्यरात्री, कोणी काम करत नसताना, साफसफाई व्हावी असा हेतू त्यामागे असणार. सर्व्हरच्या मध्यरात्रीला गुलटेकडीत लिलाव ऐन भरात आलेला असतो, हे ती ओळ लिहिताना लक्षात घेतले गेले नाही.

नेमके काय अडत होते

पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ बदलली किंवा पुसली तरी तिची जुनी प्रत लगेच नाहीशी होत नाही. अशा मृत ओळींची जागा पुन्हा वापरण्याजोगी करण्याचे काम साधी ‘व्हॅक्यूम’ आज्ञा करते आणि ती चालू असताना वाचन-लेखन थांबत नाही. ‘व्हॅक्यूम फुल’ ही मात्र संपूर्ण तक्ता (टेबल) नव्याने लिहून काढते, त्यासाठी तक्त्याएवढी जास्तीची जागा घेते आणि संपेपर्यंत त्या तक्त्यावर ‘ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह’ कुलूप (लॉक) धरून ठेवते. हे कुलूप इतके कडक असते की साधी वाचनाची क्वेरीसुद्धा (डेटाबेसला केलेली विचारणा) त्याच्यापुढे थांबते. आणखी एक गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही : हे कुलूप मिळण्यापूर्वी, नुसते रांगेत उभे असतानाही, ते आपल्यामागून येणाऱ्या सर्वांना अडवते. कोणी मोठा अहवाल काढत असेल तर ‘व्हॅक्यूम फुल’ त्या अहवालासाठी थांबते आणि बाकी सर्व जण ‘व्हॅक्यूम फुल’साठी थांबतात.

नोंदींचा तक्ता लहान होता तेव्हा हे काम चटकन संपत असणार आणि पडदा क्षणभर रेंगाळला तरी कोणाला त्याचे काही वाटत नसणार. हंगामागून हंगाम नोंदी वाढत गेल्या, तसा तक्ता नव्याने लिहिण्याचा वेळही वाढत गेला, आणि एका टप्प्यावर तो दिवाणजींच्या सहनशक्तीपलीकडे पोहोचला. सर्व्हर बंद-चालू केल्यावर ‘व्हॅक्यूम फुल’ अर्ध्यावर रद्द होई, तिचे कुलूप सुटे, तक्ता होता तसाच राही आणि काम सुरू होई. उपाय लागू पडत असे तो या कारणाने. सेवेत काही बिघाड होता आणि तो दुरुस्त झाला, असे मुळीच नव्हते. केवळ जावा सेवा पुन्हा सुरू करून पाहिली असती, तर नवी कनेक्शने त्याच कुलपापाशी जाऊन पुन्हा अडकली असती आणि दोष सेवेत नाही हे त्याच दिवशी कळले असते.

अडचण प्रत्यक्ष चालू असताना हे पाहायचे असेल तर डेटाबेसमधील ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ हे दृश्य वाचावे. त्यात सेवेच्या दहाही कनेक्शनांची स्थिती ‘ॲक्टिव्ह’ दिसेल, पण प्रतीक्षेचा प्रकार ‘लॉक’ असा असेल. ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ हे फंक्शन आवृत्ती ९.६ पासून उपलब्ध आहे. अडकलेल्या कनेक्शनचा क्रमांक त्याला दिला की कोणामुळे अडले आहे त्याचा क्रमांक ते परत देते. जावाच्या बाजूने ‘जेस्टॅक’ या आज्ञेने थ्रेडची स्थिती काढली तर पूलमधून कनेक्शन मागणारे थ्रेड ‘टाइम्ड_वेटिंग’ अवस्थेत दिसतात. डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहणारे दहा थ्रेड मात्र ‘रनेबल’ म्हणून नोंदलेले असतात. सॉकेटवरून (नेटवर्कच्या जोडणीवरून) वाचन करत थांबलेल्या थ्रेडला जावा ‘रनेबल’ मानते, म्हणून त्या अक्षरांवर न जाता खालची फंक्शनांची उतरंड वाचावी. सर्वांत वर सॉकेट-वाचन आणि त्याखाली डेटाबेस ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा कोड) दिसला की थ्रेड कशाची वाट पाहतो आहे ते उघड होते.

दुरुस्ती

साप्ताहिक ‘व्हॅक्यूम फुल’ काढून टाकणे ही मुख्य दुरुस्ती. पोस्टग्रेसमध्ये ऑटोव्हॅक्यूम मुळातच चालू असते आणि रोजच्या साफसफाईसाठी ते पुरेसे आहे. तक्त्यातील साधारण २० टक्के ओळी मृत झाल्यावर ते त्या तक्त्याकडे वळते. मोठ्या तक्त्यासाठी हे प्रमाण त्या तक्त्यापुरते कमी करून ठेवणे हिताचे आहे, कारण लाखो ओळींचे २० टक्के जमेपर्यंत पुष्कळ काळ जातो. एकदाच प्रचंड पुसापुशी झाली आणि डिस्कची जागा परत मिळवणे खरोखर आवश्यक असेल, तरच ‘व्हॅक्यूम फुल’ वापरावी, आणि तीही शनिवारी दुपारी, माणूस समोर बसलेला असताना. तेव्हा ‘लॉक_टाइमआउट’ घालून ठेवावे, म्हणजे कुलूप ठरलेल्या वेळेत मिळाले नाही तर ती आज्ञा आपण होऊन माघार घेईल. ही मर्यादा कुलूप मिळेपर्यंतच्या प्रतीक्षेला लागू होते, मिळाल्यानंतर ते किती वेळ धरून ठेवले जाईल त्याला नव्हे.

दुसरी दुरुस्ती सेवेच्या बाजूची आहे. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये ‘सॉकेटटाइमआउट’चे मूळ मूल्य शून्य असते, म्हणजे उत्तर आले नाही तर तो अनंत काळ थांबतो. ते मूल्य ठरवून द्यावे, आणि सेवा ज्या डेटाबेस-वापरकर्त्याच्या नावाने जोडली जाते त्याच्यापुरते ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ही लावावे. कुलपासाठी घालवलेला वेळ त्यात मोजला जातो, त्यामुळे अडकलेली क्वेरी ठरलेल्या सेकंदांनंतर स्पष्ट चुकीसह परत येते. दिवाणजींच्या पडद्यावर नुसते फिरणारे चक्र दिसण्यापेक्षा ‘नोंद झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा’ हा संदेश दिसणे केव्हाही बरे, कारण मग ते कागदावर पट्टी लिहायला घेऊ शकतात आणि शेतकऱ्याला ताटकळत राहावे लागत नाही.

घड्याळाबाबत माझे मत असे आहे की अनेक देशांत पसरलेल्या व्यवस्थेसाठी यूटीसी योग्य असली, तरी ज्या पेढीचे सारे व्यवहार एकाच बाजारात होतात तिच्या सर्व्हरचे घड्याळ ‘एशिया/कोलकाता’वर ठेवणे अधिक सुरक्षित आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करण्याची पद्धत नसल्यामुळे त्यातून कोणतीही गुंतागुंत उद्भवत नाही. वेळ-क्षेत्र बदलल्यावर क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करायला विसरू नये, नाहीतर ती जुन्याच घड्याळाने चालत राहते. यूटीसी ठेवणे भागच असेल तर क्रॉनऐवजी सिस्टिमडीचा टायमर वापरावा. त्याच्या ‘ऑनकॅलेंडर’ ओळीत वेळेनंतर वेळ-क्षेत्राचे नाव लिहिता येते आणि वाचणाऱ्याला संशय राहत नाही.

देखरेख कशाची करावी

या बिघाडाने जो मूळ प्रश्न उभा केला तो देखरेखीचा आहे. प्रोसेस अस्तित्वात आहे का, ती किती साधने वापरते आहे आणि ती तिचे काम करते आहे का, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन मोजल्या जातात आणि तिसरी गृहीत धरली जाते.

तिसरी गोष्ट मोजण्यासाठी तपासणीने सेवेच्याच मार्गाने जायला हवे. येथे एक बारकावा आहे. आरोग्य-पत्त्यामागे वेगळे कनेक्शन उघडून ‘सिलेक्ट १’ चालवले असते, तर ती तपासणी या रविवारीही उत्तीर्ण झाली असती, कारण ती क्वेरी कोणत्याही तक्त्याला हात लावत नाही आणि कुलूप तक्त्यावर होते. डेटाबेस कनेक्शन स्वीकारतो का एवढेच पाहणारे ‘पीजी_इजरेडी’ हे साधनही याच कारणाने निर्धास्त उत्तर देते. म्हणून तपासणीने सेवेच्या पूलमधूनच कनेक्शन घ्यावे, नोंदींच्या खऱ्या तक्त्यातील एक ओळ वाचावी आणि दोन-तीन सेकंदांत उत्तर आले नाही तर ‘अपयश’ असे सांगावे. पूलमधील वापरात असलेली कनेक्शने आणि कनेक्शनसाठी थांबलेल्या मागण्या हे दोन आकडेही फलकावर आणावेत; दहापैकी दहा कनेक्शने वापरात आणि रांग वाढते आहे, हे चित्र बिघाडाच्या पहिल्याच मिनिटात दिसले असते.

याहीपेक्षा भरवशाचा आकडा व्यवसायातला आहे : गेल्या पंधरा मिनिटांत किती नोंदी झाल्या? पहाटे बाजार भरलेला असताना हा आकडा शून्यावर आला, तर कारण कोणतेही असो, माणसाला उठवणे योग्यच आहे. अर्थात शनिवारी आणि सणासुदीला बाजार बंद असताना शून्य हेच बरोबर उत्तर असते, त्यामुळे हा नियम बाजाराच्या सुट्यांच्या यादीशी जोडावा लागतो. ती यादी दरवर्षी अद्ययावत करण्याचे काम पेढीतील एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे. तसे केले नाही तर खोट्या इशाऱ्यांना कंटाळून कोणीतरी तो नियमच बंद करून टाकील.

अशी खोल तपासणी लावल्यावर ती अयशस्वी होताच सेवा आपोआप पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे मी ठामपणे सांगेन. डेटाबेस अडकल्यामुळे तपासणी अयशस्वी झाली असेल, तर सेवा पुन्हा पुन्हा सुरू केल्याने काहीही साधत नाही. उलट प्रत्येक सुरुवातीला डेटाबेसवर नव्या कनेक्शनांचा भार पडतो आणि पुरावा पुसला जातो. कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारे प्रोग्राम) सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये याच कारणासाठी दोन वेगळ्या तपासण्या असतात : ‘लाइव्हनेस’ अयशस्वी झाली तर कंटेनर पुन्हा सुरू केला जातो, तर ‘रेडिनेस’ अयशस्वी झाली तर त्याच्याकडे मागण्या पाठवणे फक्त थांबते. एकाच सर्व्हरवरील लहान सेवेलाही हीच विभागणी लागू करता येते. पुन्हा सुरू करण्याचा निर्णय फक्त प्रोसेसच्या स्वतःच्या आतल्या अवस्थेवर घ्यावा आणि डेटाबेसशी संबंधित अपयशावर माणसाला इशारा द्यावा.

प्रोसेस आतून गोठली तर ओळखण्यासाठी सिस्टिमडीत ‘वॉचडॉगसेक’ ही सोय आहे. सेवेने ठरलेल्या अवधीत ‘मी जागी आहे’ असा संदेश पाठवला नाही तर सिस्टिमडी तिला सिगॲबॉर्ट सिग्नल देऊन संपवतो आणि ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ असेल तर पुन्हा सुरू करतो. हा संदेश वेगळ्या, निव्वळ टायमर चालवणाऱ्या थ्रेडमधून पाठवला तर त्याला अर्थ उरत नाही. प्रत्यक्ष मागण्या हाताळणाऱ्या मार्गातूनच तो निघायला हवा. पुन्हा सुरू करण्यावर मर्यादाही असावी. सिस्टिमडीत मुळात १० सेकंदांत ५ वेळा सुरुवात फसली की तो पुढचे प्रयत्न थांबवतो. पण सेवा सुरू होऊन मिनिटभराने पडत असेल तर ही मर्यादा कधीच गाठली जात नाही आणि सेवा दिवसभर पडत-उठत राहते, म्हणून पुन्हा सुरू होण्याच्या संख्येवर वेगळा इशारा ठेवावा.

बंद-चालू करण्यापूर्वी पुरावा जमवणे

पहाटे गाळ्यावर गर्दी असताना ‘साहेब, स्क्रीन नुसती फिरतेय, बंद-चालू करू का?’ असा फोन आला तर ‘थांबा, मी तपास करतो’ हे उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. त्यावरचा मार्ग असा की बंद-चालू करण्याची आज्ञाच एका छोट्या स्क्रिप्टमध्ये गुंडाळावी. ती स्क्रिप्ट आधी थ्रेडची स्थिती, ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’चा उतारा, कुलपांची यादी, ‘पीएस’चे पूर्ण चित्र आणि उघड्या सॉकेटांची यादी तारीख-वेळेसह एका फाइलमध्ये साठवील आणि मगच पुढचे काम करील. यांतील प्रत्येक पायरीला काही सेकंदांची मर्यादा घालावी, म्हणजे एखादी पायरी स्वतःच अडकली तरी पुढचे थांबणार नाही. ‘जेस्टॅक’ ही आज्ञा सेवा ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याच नावाने चालवावी, हे स्क्रिप्ट लिहितानाच पाहून घ्यावे.

जर्नलची, म्हणजे सिस्टिमडीच्या लॉगची, साठवण कायमस्वरूपी आहे याचीही खात्री करावी. काही सर्व्हरवर ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही निर्देशिका नसते, आणि तशा स्थितीत मूळ मांडणीनुसार जर्नल फक्त मेमरीत राहते व सर्व्हर बंद होताच नाहीसे होते. पोस्टग्रेसच्या मांडणीत ‘लॉग_लॉक_वेट्स’ चालू करावे. मग कुलपासाठी मुळातल्या एक सेकंदापेक्षा अधिक थांबलेल्या प्रत्येक क्वेरीची नोंद डेटाबेसच्या लॉगमध्ये राहते आणि हा सगळा शोध चार ओळी वाचून संपतो.

हेच लक्षण, वेगळे कारण

सेवा चालू दिसते पण उत्तर देत नाही, हे लक्षण इतर कारणांनीही उद्भवते. प्रोसेसने उघडलेल्या फाइल आणि सॉकेट यांची मर्यादा अनेक ठिकाणी १०२४ असते. ती संपली की प्रोसेस जिवंत राहते, परंतु नवे कनेक्शन स्वीकारू शकत नाही आणि लॉगमध्ये ‘फार फाइल उघड्या आहेत’ अशा अर्थाची चूक येते. ‘/प्रोक’मधील त्या प्रोसेसच्या ‘एफडी’ निर्देशिकेतील नोंदी मोजून हे तत्काळ कळते. आकडा दिवसागणिक चढत असेल तर कोठेतरी फाइल उघडून बंद करायची राहते आहे, आणि मर्यादा वाढवल्याने फक्त तारीख पुढे ढकलली जाते.

प्रोसेस अधूनमधून अचानक नाहीशी होत असेल तर निर्गम-संकेत पाहावा. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, अर्थात सिगकिल हा सक्तीने मारणारा सिग्नल. तो बहुधा मेमरी संपल्यावर कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) दिलेला असतो आणि ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांत त्याची नोंद सापडते. १४३ म्हणजे १२८ अधिक १५, अर्थात कोणीतरी रीतसर थांबवले. १३९ म्हणजे १२८ अधिक ११, आणि तेथे कोडमधील किंवा एखाद्या लायब्ररीतील दोष शोधावा. सर्व्हरवर जावा आणि पोस्टग्रेस एकत्र नांदत असतील तर जावाच्या मेमरीवर युनिट फाइलमधील ‘मेमरीमॅक्स’ने मर्यादा घालावी, कारण मेमरी संपल्यावर कर्नलने डेटाबेसची प्रोसेस निवडली तर नुकसान कितीतरी मोठे होते.

‘पीएस’मध्ये ‘डी’ अवस्थेत दिसणारी प्रोसेस बहुधा डिस्क किंवा नेटवर्कवरील साठवणुकीची वाट पाहत असते आणि तिच्यावर सिगकिलचाही सहसा परिणाम होत नाही; लिनक्समध्ये अशा प्रोसेस लोड ॲव्हरेजमध्ये (कामाच्या सरासरी भारात) मोजल्या जातात, त्यामुळे प्रोसेसर रिकामा असूनही लोड चढलेला दिसतो. ‘झेड’ म्हणजे झोंबी प्रोसेस केवळ यादीत उरलेली नोंद असते. तिला मारता येत नाही, तिच्या पालक प्रोसेसकडे पाहावे लागते.

इशारा कोणापर्यंत आणि कोठून

पहाटे साडेपाचला ईमेल कोणी वाचत नाही. या पेढीसाठी नोंदी शून्यावर येणे आणि खोल तपासणी सलग दोन मिनिटे अयशस्वी होणे, या दोनच इशाऱ्यांना फोन वाजवण्याची मुभा दिली आहे आणि बाकी सर्व सकाळी पाहण्याच्या यादीत जातात. प्रोमिथियस हे देखरेखीचे साधन वापरत असाल तर नियमातील ‘फॉर’ या कलमाने ही दोन मिनिटांची अट घालता येते आणि क्षणिक अडथळ्यांवर फोन वाजत नाही. इशारा देणारी व्यवस्था त्याच सर्व्हरवर ठेवू नये, कारण सर्व्हर पडला की तीही गप्प होते. ती दुसऱ्या यंत्रावर असावी आणि तिच्याकडून नियमित येणारा ‘मी चालू आहे’ हा संदेश थांबला तर त्याचाही इशारा तिसरीकडून मिळावा.

दुरुस्तीनंतर येणाऱ्या रविवारी पहाटे डेटाबेसच्या लॉगमध्ये कुलपाच्या प्रतीक्षेची नोंद आहे का ते पाहावे, आणि त्याच बैठकीत क्रॉनमधील उरलेल्या सर्व ओळी पुण्याच्या वेळेत मांडून घ्याव्यात. यूटीसीवरील सर्व्हरवर ‘ॲट-डेली’चे काम रोज पहाटे साडेपाचलाच चालते. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या मूळ क्रॉनटॅबमध्ये रोजची कामे ०६:२५ ला आणि आठवड्याची कामे रविवारी ०६:४७ ला ठेवलेली असतात, म्हणजे पुण्यात अनुक्रमे ११:५५ आणि १२:१७ ला. यांपैकी जे काम आज काही सेकंदांत संपते आणि म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, तेही नोंदींबरोबर वाढणारे आहे का ते तपासावे, आणि तसे असेल तर त्याची वेळ आताच बदलून ठेवावी.